होडी वाजवून बघणारा

शेवटची सहा वर्षं अख्खं मांद्रे त्याला 'भैरो' म्हणायचं. भैरो म्हणजे बहिरा. पोस्टमन दारात उभा राहून बोंब मारायचा. पाव विकणारा पोदेर सायकल थांबवून भोंगा थेट त्याच्या कानाशी वाजवायचा. रस्त्यानं चालला असला की मागून कुणीतरी टवाळ डब्यावर टकटक करून बघायचा, हा वळतो का. तो वळायचा नाही. कुणी समोर येऊन काही विचारलं की कानामागे हात धरून "आं?" करायचा आणि भलतंच उत्तर द्यायचा. लोक हसायचे. तो बहिरा नव्हता. हे ठाऊक असलेली जगात दोनच माणसं होती, एक तो आणि दुसरा मी.

मी त्याचा भाडेकरू. आम्ही इब्रामपूरचे, शेतीवाडीतले. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत बाटल्यांची बुचं करणाऱ्या कारखान्यात मी लागलो, आणि पाळीच्या वेळा आणि बसच्या वेळा यांचं काही केल्या जमेना, म्हणून मांद्र्यात खोली शोधली. सुरूच्या झाडांमागे त्याचं घर होतं. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. आजूबाजूच्या सगळ्यांनी घरं मोडून गेस्टहाऊसं बांधली, यानं बांधलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "एक सीझन ठेवलेलंय एक गोरो. रोज सांजच्याक माका हाताक धरून भायर न्हेय आणि सूर्य दाखय. मेल्या, सत्तर वर्सां मी तोच सूर्य बघतंय, तू माका काय दाखवतंस!"

खोली दाखवण्याआधी त्यानं माझ्या छातीवर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकलं, कान लावला आणि म्हणाला, "विडी ओढणंस नाय. रव." म्हणजे राहा.

नाव विचारलंच नाही. पुढे पाच वर्षं तो मला 'फॅक्टरी' म्हणून हाक मारायचा. "ए फॅक्टरी, पाणी इला, भरून घे." मी त्याला आबा म्हणायचो. त्याला ते आवडायचं की नाही, कुणास ठाऊक. आवडलेलं दाखवायचा रिवाजच नव्हता त्याच्याकडे.

ठोकून बघायची त्याला खोडच होती. कलिंगड आणि फणस सगळेच वाजवून घेतात, त्याचं काही नाही. हा हंडा वाजवी, दार वाजवी, माझ्या मोटरसायकलची टाकी वाजवून पेट्रोल किती आहे ते सांगे. देवळाच्या मंडपाला नवे खांब बसवले तेव्हा आरती चालू असताना यानं एकेक खांब ठोकून तिसऱ्यापाशी मान हलवली. भटजी खवळले. एका लग्नात नवरीला दिलेलं लोखंडी कपाट वाजवून भर मांडवात म्हणाला, "पत्रो पातळ." बिचाऱ्या नवरीच्या बापाचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी आबा न जेवता घरी आला, पण म्हणून काही शिकला नाही.

ही खोड कामाला यायची ती किनाऱ्यावर. केरीपासून मोरजीपर्यंत कुणाला पहिली होडी घ्यायची असली की तो आधी आबाच्या दारात यायचा. पहिलीच. दुसरी होडी घेणाऱ्याबरोबर आबा जात नसे. म्हणायचा, "पयल्या होडयेतसून जो परत इलो, तो दुसरी आपलीआपण घेता. जो येवक नाय, त्येका दुसरी कित्याक व्हयी?" असलं काहीतरी बोलून तो फिस्सकन हसायचा. मला त्याचं ते हसणं मुळीच आवडत नसे.

या कामाचा मोबदला म्हणजे एक उंडो, म्हणजे गोल कडक पाव, आणि कपभर चहा. तोही होडी बघायच्या आधी. मागाहून कोण देतो? होडी नको म्हटलं की विकणारा चहा देत नाही आणि घेणारा तोंड फिरवतो. म्हणून आबा आधी उंडो चहात बुडवून सावकाश खायचा, हात पुसायचा आणि मग उठायचा. एकदा एका पोरसवद्या माणसानं घाई केली तर त्याला म्हणाला, "बुडूची इतकी गडबड कित्याक?"

आणि वाजवणं म्हणजे कसं, तर कान होडीला चिकटवून. पुढल्या टोकापासून मागच्या फळीपर्यंत वीतवीतभर सरकत, पेरांनी ठोकत. लाकडाची असली तर एक ठोका, फायबरची असली तर दोन. मध्येच थांबून परत मागे जायचा. अर्धा अर्धा तास चालायचं हे. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा होडीला गुपचूप काहीतरी विचारतोय. फायबरवर त्याचा राग होता. म्हणायचा, "लाकूड कुरकुरता. आठ दीस आदी सांगता, माका दुखता म्हणान. फायबर बोलणा नाय. जाता तेव्हा एकदम जाता."

निकाल सांगायची त्याची तऱ्हा उलटी होती. विकणाऱ्याच्या तोंडावर वाईट बोलायचं नाही, आणि चांगलं बोललं तर तो डोक्यावर बसणार. त्यामुळे होडी वाईट असली की आबा तिची स्तुती करी. "व्वा! होडी बगा! लक्ष्मी आसा!" असं म्हणाला की घेणाऱ्यानं समजायचं, पळ इथून. आणि "ही काय होडी मेल्या, हेच्यात काय डुकरांका जेवण घालतंस?" असं म्हणाला की डोळे मिटून घ्यायची. हे साऱ्या किनाऱ्याला माहीत होतं, विकणाऱ्यालासुद्धा माहीत होतं, तरी सगळे ते नाटक नीट पार पाडायचे. विकणारा शिव्या खाऊन खूश होई आणि स्तुती ऐकून त्याचा चेहरा पडे.

माझा दादा त्याच्याकडे आला तो माझ्यामुळे. दादा डिचोलीच्या बाजूला खाणीवर खनिज वाहणारा टिपर चालवायचा. स्वतःचा टिपर. खाणी बंद पडल्या. आज सुरू होतील, उद्या होतील, करता करता टिपर अंगणात उभा राहून गंजला, टायरांतून गवत आलं. शेवटी भंगारात जाईल त्या भावानं विकला. वहिनी, म्हातारी आई, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. दादाला पाण्याचं वेड लहानपणापासून. इब्रामपूरला नदीत गरी टाकून तासन्तास बसायचा. त्याच्या डोक्यानं घेतलं, मांद्र्यात एक लहान होडी घ्यायची, मासळी थेट हॉटेलांना द्यायची. टिपरचे म्हणून जे काही हातात होतं, ते त्या एका होडीत जाणार होतं. ती बुडाली तर घर बुडणार होतं, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. माझ्या तोंडात त्या वेळी बिब्बा कुणी घातला असता तर बरं झालं असतं.

आबानं त्याला एका दिवसात 'टिपर' हे नाव देऊन टाकलं. आणि म्हणाला, "आदी एक सीझन दुसऱ्याच्या होडयेर जा. ओक. मग माझ्याकडे ये." दादा गेला. ओकला. आठ महिने रोज पहाटे दुसऱ्यांची जाळी ओढली, हातांना चिरा पडल्या, पण एक दिवस चुकवला नाही. सीझन संपताना परत आबासमोर उभा राहिला. मग आबानं त्याला कुणाच्या तरी होडीत बसवून कमरभर पाण्यात नेलं आणि काही न सांगता होडी अशी गदगदा हलवली की दादा पाण्यात. पुन्हा बसवलं, पुन्हा पाडलं. तीनदा. आम्ही काठावर हसून हसून बेजार. आबा मात्र गंभीर. म्हणाला, "तिनय खेपेक उजवीकडे पडलंस. तुका पोटाक रुंद होडी व्हयी. आणि चार माणसा लागतत वर ओढूक, तसली घेव नको. ती तुझी होडी न्हय, त्या चार माणसांची. दोघांनी ओढूक व्हयी."

इतकी बारीक नजर होती त्याची. माणसाला होडी बघायचा तो. मला कुणी विचारलं तर सांगीन, त्याच्याइतकं शहाणं माणूस मी पाहिलं नाही. पण विचारतो कोण?

एक नियम त्याचा सगळ्यात कडक होता. होडी बघायची ती मे महिन्यात. पाऊस यायच्या आधी होड्या वर ओढून ठेवतात, रंग उडालेला असतो, अंगावर शिंपले, शेवाळ, कुठे काय झालंय ते सगळं उघडं. "जेव्हा तिका कोण बघणा नाय, तेव्हा बघूची," म्हणायचा. "नारळी पुनवेक सगळ्योच होडयो नवऱ्यो." आणि चूक लोक नेमकी तिथंच करतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा, मग धंद्याला सुरुवात. तो नारळ आपल्या स्वतःच्या होडीतून द्यावा असं प्रत्येकाच्या मनात. त्यामुळे घेणारे धावतात ते श्रावणात, आणि तोपर्यंत सगळ्या होड्या नव्या निळ्याहिरव्या रंगात चकचकीत. आत काय झाकलंय, देव जाणे.

दादासाठी मे महिन्यात आबानं सात होड्या बघितल्या. सातही होड्यांची तोंड भरून स्तुती केली. दादा दर वेळी पडलेल्या चेहऱ्यानं परत यायचा. जून गेला, जुलै गेला. दादा माझ्याच खोलीत राहत होता, एका खोलीत दोघं, त्याचं घोरणं, त्याचे ओले कपडे, जाळ्यांचा वास. आणि माझं लग्न ठरत होतं. मुलीकडची माणसं खोली बघायला येणार होती. हे मी आज लिहितोय, कारण हे लिहिल्याशिवाय पुढचं खरं होणार नाही. मला माझी खोली परत हवी होती.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दादाला बातमी लागली, पलीकडच्या वाड्यावर एक होडी आहे. फायबरची, पोटाला रुंद, दोघांनी ओढता येईल अशी, इंजिनासकट. मालकाला घरात अडचण म्हणून विकतोय. दादाच्या अंगात वारं भरलं. त्यानं वहिनीला निरोप धाडला, उद्या ये, नारळीभात घेऊन ये, नारळ आपल्या होडीतून जाणार.

सकाळी आम्ही गेलो. किनाऱ्यावर जत्रा. सगळ्या होड्या रंगवलेल्या, झेंडूच्या माळा, पताका, कुणाच्या तरी स्पीकरवर आरत्या. वहिनी डबा मांडीवर घेऊन लांब सुरूखाली बसली. नवी हिरवी साडी नेसून आली होती. मालकानं होडीची पूजा आधीच उरकली होती. पुढच्या टोकाला हळदकुंकू, माळ, नारळ. "पूजा करून दितंय," तो म्हणाला, "तुमका बरकत येवंदी."

आबानं उंडो खाल्ला नाही. मालकानं पुढे केला, यानं नुसताच हातात धरून ठेवला. मग तो मला देऊन कान लावला आणि पुढल्या टोकापासून सुरुवात केली. टण टण. टण टण. मधल्या पोटापर्यंत सगळं ठीक. मागे इंजिन बसतं त्या फळीपाशी आला आणि तिथं आवाज बदलला. मलासुद्धा कळला, म्हणजे बघा. थप. थप. आबा मागे गेला, परत आला. थप. त्यानं बोट निळ्या रंगावरून फिरवलं, वास घेतला आणि कमरेची सुरी काढली.

मालक पुढे धावला. "ओ, काय करतास! पूजा झालेली आसा!"

आता ही त्या वाड्यावरची रीत. एकदा होडीची पूजा झाली की समुद्राला नारळ देईपर्यंत तिला लोखंड लावायचं नाही. खिळा नाही, कोयता नाही, काही नाही. पूजेच्या होडीवर सुरी चालवणं म्हणजे भरल्या ताटात थुंकणं. आजूबाजूच्या होड्यांवरची माणसं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याक याड लागला." एक जण माझ्या कारखान्यातला होता, तो माझ्याकडे बघून हसला.

आबानं मालकाकडे लक्षच दिलं नाही. मला म्हणाला, "फॅक्टरी, चार बोटां रंग काढतंय. इतक्याच."

आणि मी त्याचा हात धरला.

"आबा, पुरे. सणाच्या दिवशी लोखंड नको. लोक बघताहेत."

"लोकांका बघूंदेत."

"वर्ष झालं, आबा. तुम्हाला एक होडी पसंत पडत नाही. ठेवा ती सुरी."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तू सांगतंस?"

"हो. मी सांगतो."

"बरा," म्हणाला, आणि सुरी कमरेला लावली. माझ्या माहितीप्रमाणे आयुष्यात त्यानं कुणाचं ऐकलं असेल तर ते तेवढंच.

दादा बिचारा मध्ये उभा. त्याला वाद नीट कळलाच नव्हता, तो इंजिन बघत होता. "आबा, काय? घेऊ?" आबानं स्तुती केली नाही. शिवीही दिली नाही. सात होड्यांची स्तुती ऐकून कंटाळलेल्या दादाला तेवढं पुरलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी म्हटलं, "घे रे."

लांबून वहिनीनं काय बघितलं? म्हातारा होडी वाजवतोय, म्हातारा सुरी परत ठेवतोय, दादा हसतोय. तिनं डब्याचं झाकण उघडलं. त्या दिवशी आमचा नारळ आमच्या होडीतून गेला. दादा रडला. आनंदानं रडणारा माणूस नव्हता तो, पण रडला.

दुसऱ्या दिवसापासून आबा पहाटे किनाऱ्यावर जाऊन उभा राहायला लागला. दादाची होडी परत दिसेपर्यंत हलायचा नाही. गुडघे गेलेले, तरी उभा. दादाला म्हणाला, "इंजिन पुरा सोडू नको. अर्ध्यार ये. आणि एक दीस वर ओढूंया, माका चार बोटां बघूंदे." दादा म्हणाला, "चवथ झाल्यार, आबा. आता हॉटेलवाले दारात उभे आसत." मग आबा मला म्हणाला, "फॅक्टरी, तुझा ऐकतलो तो. भावाक सांग."

मी पाळीवरून दमून आलो होतो. म्हटलं, "आबा, घेतली ना एकदा? आता किती दिवस तेच?"

मी सांगितलं नाही. नंतर सांगू म्हटलं.

चतुर्थीला चार दिवस होते. सकाळी अकराच्या सुमारास दक्षिणेकडून अंधारून आलं, वारा सुटला, आणि बाहेर गेलेल्या सगळ्या होड्या काठाकडे वळल्या. सगळ्यांनी इंजिनं पूर्ण सोडली, दादानंही सोडलं. कोण सोडणार नाही? त्याच्याबरोबर रेडीचा एक माणूस होता, त्याला दुसऱ्या होडीनं उचललं. त्यानं सांगितलं ते एवढंच, की मागची फळी इंजिनासकट निघून गेली, जशी काय कुणी उपटून घेतली, आणि मागून पाणी आलं. दादाच्या पायात जाळं अडकलं होतं. 'मला पोहता येतं, येतं,' म्हणायचा दादा नेहमी.

तो दुसऱ्या दिवशी केरीच्या बाजूला सापडला. इंजिनापासून सुटलेली होडीची मागची फळीही त्याच भरतीला वर आली.

लोक जमले होते. वहिनीला दोन बायकांनी धरलं होतं. आबा त्या तुटक्या फळीपाशी बसला, सुरी काढली आणि सगळ्यांसमोर रंग खरवडला. चार बोटं. निळ्याखाली भेग बुजवायला भरलेली राखाडी लांबी होती, लांबीखाली फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जुनी चीर. आता त्याला कुणी लोखंड लावू नको म्हणालं नाही. मालक तर वाडा सोडून पळाला होता.

वहिनी बायकांच्या हातून सुटून पुढे आली. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. "कोणी पास केली ही होडी? कोणी?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ, उघडलं होतं. पण माझ्या तोंडातून काही निघायच्या आत आबा म्हणाला, "मी."

"तुमका कळला नाय? इतकी मोठी चीर तुमका कळली नाय?"

"कळाक नाय, बाये. माझे कान गेले. आता ऐकाक येणा नाय माका."

ज्या माणसाकडे कानाशिवाय दुसरं काही नव्हतं, तो चारचौघांत सांगत होता की कान गेले. वहिनीनं त्याच्या अंगावर वाळू फेकली. मूठमूठ भरून फेकत राहिली. त्यानं डोळेसुद्धा मिटले नाहीत. आणि मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

त्या संध्याकाळी मी खोलीत उशीत तोंड खुपसून रडत होतो, आवाज होऊ नये म्हणून दात आवळून. भिंतीपलीकडून म्हातारा म्हणाला, "रडू नको. भिंत पातळ आसा." इतकं हळू रडणं भिंतीतून ऐकणारा माणूस म्हणे बहिरा.

मी तेराव्यानंतर खोली सोडली. लग्नही पुढे गेलं आणि मग मोडलंच, ते एक बरं झालं. सामान बांधताना त्याला म्हटलं, "आबा, मी वहिनीला सांगतो खरं काय ते."

तो पायरीवर बसून पेज जेवत होता. वाडगा संपवून खाली ठेवला. मग म्हणाला, "माझ्याकडे होडयो इल्यो नाय तरी चलता. माका खंय जावचा आसा? पण तुका त्या घरात जेवक बसूचा आसा, फॅक्टरी. भावाशिवाय ता घर तुझ्याच अंगार इला. सांगू नको."

मला हेच ऐकायचं होतं. हे त्यालाही कळत होतं. माणूस वाजवून बघायचा ना तो. पहिल्या दिवशी छातीवर ठोकलं तेव्हाच त्याला माझ्यात कुठं काय पोकळ आहे ते कळलं असणार.

त्यानंतर त्याच्या दारात होडीसाठी कुणी आलं नाही. आणि एकदा बहिरा म्हटल्यावर त्याला बहिरंच राहावं लागलं. ऐकू येतंय असं कुणाला दिसलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग त्या दिवशी का नाही आलं? सहा वर्षं त्यानं ते निभावलं. मी वर्षातून एकदोनदा बाजारात भेटायचो. लोक बघत असायचे म्हणून मी कानाशी तोंड नेऊन ओरडायचो, "आबा, बरे आसात?" तो "आं?" करायचा आणि मग ओठ न हलवता पुटपुटायचा, "हळू मेल्या, कान फुटतलो." एकदा म्हणाला, "एक बरा आसा. लोक माझ्यासमोर कायय बोलतत. बऱ्यो होडयो खंयच्यो, वायट खंयच्यो, माका सगळा कळता. सांगूक येणा नाय, इतक्याच." हे बोलताना मात्र तो हसला नाही. एका वर्षी त्याच्यासमोर एका नव्या माणसानं नारळी पौर्णिमेची रंगवलेली होडी घेतली. आबा तिथं उभा होता, वाजवायला हात पुढे गेला आणि लोकांनी हसून त्याला बाजूला केलं.

दर नारळी पौर्णिमेला मी इब्रामपूरला जातो. वहिनी नारळीभात करते, दादाच्या फोटोला दाखवते आणि मला वाढते. आणि दर वर्षी वाढता वाढता एकदा तरी म्हणते, "त्या भैऱ्यान माझा घर बुडयला." मी मान खाली घालून भात कालवतो. सहा वर्षं. ती "आणि घे रे, लाजतंस कित्याक" म्हणून दुसऱ्यांदा वाढते आणि मी घेतो.

यंदा श्रावणातच आबा गेला. शेजारच्या गेस्टहाऊसवाल्यानं सांगितलं, चार दिवस दार उघडलं नव्हतं. बाहेरून किती हाका मारल्या म्हणे. नंतर त्यांनाच वाटलं, बहिऱ्याला हाका मारून काय उपयोग, आणि परत गेले. दार फोडलं ते चौथ्या दिवशी.

मग पौर्णिमा आली. वहिनीनं पान मांडलं, भात वाढला, वर तुपाची धार सोडली.

"गेलो मा तो भैरो? आयकलंय मी. बरा झाला."

मी घास खाली ठेवला आणि सांगितलं. सुरी, पूजा, रंग, मी धरलेला हात. खोली परत हवी होती, तेही सांगितलं. तो बहिरा नव्हता, हेही सांगितलं. वहिनी उभ्याउभ्या ऐकत होती, भाताचं पातेलं तसंच हातात. शेवटी तिनं ते चुलीपाशी नेऊन ठेवलं, त्यावर झाकण घातलं आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली,

"तो जितो होतो, तेव्हा तुझ्या तोंडात काय भरलेला?"

पानावर टाकायचं नाही म्हणून होतं तेवढं मी जेवलो. पान रिकामं झालं, मी बसून राहिलो. वहिनी चुलीपाशी बसली होती. तिनं आणखी घे म्हटलं नाही.